पोरांना पळू द्या, पण हातात नकाशा देऊन

माध्यमिक शाळेतल्या मुलामुलींसाठी स्प्रिंट ओरिएंटिअरिंगच्या छोट्या स्पर्धा मी बरीच वर्षं घेतेय, आणि दर वेळी कोणी ना कोणी शिक्षक नाहीतर पालक येऊन विचारतातच की आम्हालाही करायचंय, सुरुवात कुठून करू. प्रत्येकाला तोंडी सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकते. लांबलचक होणार आहे, सवडीने वाचा.

ज्यांना हा खेळ अजिबातच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हातात नकाशा, त्यावर जांभळ्या रंगात एक त्रिकोण म्हणजे स्टार्ट, मग नंबर टाकलेले गोल म्हणजे कंट्रोल, आणि शेवटी दुहेरी गोल म्हणजे फिनिश. प्रत्यक्ष जागेवर त्या गोलाच्या बरोबर मध्यभागी पांढरा-केशरी झेंडा लावलेला असतो. कंट्रोल क्रमानेच घ्यायचे, एक जरी सुटला तरी निकालात नाव येत नाही, पण दोन कंट्रोलच्या मधे कुठून जायचं हे ज्याचं त्यानं ठरवायचं. हा खेळ मूळचा स्कँडिनेव्हियातला आणि जंगलातला, लोकांसाठी खुली अशी पहिली स्पर्धा १८९७ मध्ये ऑस्लोजवळ झाली. स्प्रिंट हा प्रकार त्यामानाने नवा, जागतिक स्पर्धेत तो २००१ मध्ये फिनलंडमधल्या टाम्पेरेला पहिल्यांदा आला. इमारती, गल्ल्या, बागा, जिने असल्या भागात पळायचं आणि जिंकणाऱ्याचा वेळ साधारण १२ ते १५ मिनिटं यावा असा कोर्स, म्हणजे स्टार्टपासून फिनिशपर्यंतची कंट्रोलची मालिका, आखायचा.

शाळेसाठी मला स्प्रिंटच सगळ्यात योग्य वाटतो. जंगल लागत नाही, बस करून कुठे न्यावं लागत नाही, शाळेचं आवार किंवा कॉलेजचा कॅम्पस किंवा मोठी बाग पुरते, मूल हरवलं तरी पाच मिनिटांत सापडतं आणि दोन तासांत सगळं आटोपतं.

आता माझं म्हणणं आधीच सांगते म्हणजे पुढचं सगळं कशासाठी ते कळेल. मुलाचा वेळ गेला तर तो त्याच्या स्वतःच्या निर्णयामुळे गेला पाहिजे. नकाशात भिंत दाखवलीच नव्हती, झेंडा झुडपात लपवला होता, पुढचा पळताना दिसला म्हणून मागच्याला आयतं सापडलं, हे सगळं नशीब झालं. आयोजकाचं निम्म्याहून जास्त काम म्हणजे हे नशीब शोधून शोधून बाहेर काढणं. मग जे उरतं तो खरा खेळ, आणि त्यात एरवी पळण्याच्या शर्यतीत कायम मागे राहणारी मुलं सुद्धा पुढे येतात हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय.

सुरुवात नकाशापासून. मोबाईलमधला नकाशा प्रिंट काढून चालत नाही, त्यात जिने नसतात, कुंपणं नसतात, दोन इमारतींमधली बोळ नसते, आणि स्प्रिंटमध्ये नेमकं तेच लागतं. आंतरराष्ट्रीय ओरिएंटिअरिंग फेडरेशनने स्प्रिंट नकाशासाठी वेगळे नियम केलेत, आयएसस्प्रॉम म्हणतात त्याला, त्यात स्केल १:४००० असतं म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ४० मीटर. नकाशा काढायला ओकॅड नावाचं सॉफ्टवेअर मोठ्या स्पर्धांवाले वापरतात पण ते विकत घ्यावं लागतं, शाळेसाठी ओपनओरिएंटिअरिंग मॅपर फुकट आहे आणि पुरेसं आहे. खाली ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा किंवा वापरायला परवानगी असलेला सॅटेलाइट फोटो घ्यायचा, त्यावर इमारती काढून घ्यायच्या आणि मग प्रिंट घेऊन, क्लिपबोर्डला लावून, पेन्सिलीने जागेवर फिरत फिरत दुरुस्त करायचं. ह्या फिरण्याला पर्याय नाही. छपराखालून जाणारा रस्ता वरून दिसत नाही, गेट कुलूपबंद असतं की उघडं ते फोटोत कळत नाही, झाडाच्या सावलीखाली भिंत आहे की नुसती कडा हे तिथे उभं राहिल्याशिवाय समजत नाही.

सगळ्यात जास्त वेळ कुठे द्यायचा तर कुंपणं आणि भिंतींवर. स्प्रिंटच्या नकाशात जाड काळी रेघ म्हणजे ओलांडायला बंदी. तुम्हाला उडी मारून जाता येत असेल तरी बंदी, गेलात तर बाद. बारीक रेघ म्हणजे ओलांडलं तर चालेल. आता एखादी कमरेइतकी भिंत आहे, उंच मुलगा सहज चढतो आणि बुटकी मुलगी नाही चढू शकत, तर ती कशी दाखवायची? मी अशी भिंत सरळ बंदीची दाखवते आणि तिथे पट्टी पण बांधते म्हणजे वाद नको. गडद हिरवं कुंपण म्हणजे झुडपांची दाट रांग, ती पण बंदीच. आणि सगळ्यात जास्त घोळ होतो तो शेवाळी रंगाचा. फुलझाडांचे वाफे, कोणाची खाजगी जागा, जिथे पाय ठेवायचाच नाही ते सगळं नकाशात शेवाळी हिरवं असतं. उलट मोकळं गवत हे पिवळसर असतं. नवीन मुलं हिरवं म्हणजे हिरवळ असंच धरून चालतात. एका मुलीने स्टार्टच्या आधी नकाशावरची रंग-खुणांची सूची बघत विचारलं होतं, "मॅडम, हे हिरवं म्हणजे गवत ना, मग मी इथून मधून गेले तर?" मी तिला तिथल्या तिथे बागेपाशी नेऊन वाफ्याकडे बोट दाखवलं, मग नकाशावरचा तो तुकडा दाखवला, मग पलीकडचं मैदान आणि नकाशावरचा पिवळा भाग. दोन मिनिटांचं काम, पण त्यानंतर तिचं एकदाही चुकलं नाही. तेव्हापासून मी हे सगळ्यांनाच करून दाखवते, वर्गात फळ्यावर रंग शिकवण्यापेक्षा जागेवर उभं करून दाखवलेलं डोक्यात बसतं.

प्रिंट काढताना एक गोष्ट आवर्जून बघा. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये पानात बसवा असा पर्याय आपोआप चालू असतो आणि तो नकाशा गुपचूप लहान करून टाकतो, मग १:४००० चं कायतरी वेगळंच होतं. प्रिंट आल्यावर पट्टी लावून मोजा, नकाशाच्या स्केलपट्टीवरचे १०० मीटर कागदावर अडीच सेंटिमीटर आले पाहिजेत. आणि जांभळे गोल व रेघा खालच्या काळ्या भिंती झाकत नाहीत ना ते बघा, झाकत असतील तर गोल तिथे तोडून मोकळा करा. पर्पल पेन नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये हे सहज होतं, कोर्स आखायचं सगळंच काम त्यात होतं.

आता कोर्स. माझ्या मते खरी मजा इथे आहे, मी ह्यात तासन्‌तास घालवते आणि मला त्याचा कंटाळा येत नाही.

पहिला कंट्रोल सोपा ठेवा, अगदी सोपा. मूल स्टार्टला घाबरलेलं असतं, नकाशा उलटा धरलेला असतो, आजूबाजूला मित्र बघत असतात. पहिला झेंडा दीड मिनिटात मिळाला की त्याचा श्वास जागेवर येतो आणि मग ते वाचायला लागतं. दुसरा पण सोपाच. तिसऱ्यापासून विचार करायला लावा.

विचार करायला लावायचं म्हणजे झेंडा लपवायचा नाही. हा गैरसमज खूप जणांचा असतो, लोकांना वाटतं ही खजिना शोधायची शर्यत आहे. झेंडा योग्य जागी पोचलेल्याला लगेच दिसलाच पाहिजे. अवघड काय असायला हवं तर तिथपर्यंतचा रस्ता निवडणं. समजा एक कंट्रोल लांबलचक इमारतीच्या पुढच्या बाजूला आहे आणि पुढचा बरोबर मागच्या बाजूला. सरळ रेघ इमारतीच्या पोटातून जाते, म्हणजे डावीकडून वळसा घ्या नाहीतर उजवीकडून. डावीकडून १४० मीटर, पण त्यात तीन वळणं आणि एक जिना. उजवीकडून १६५, पण सरळ मैदानाच्या कडेने, डोळे मिटून पळता येतं. कुठला बरा? चपळ आणि नकाशा चांगला वाचणाऱ्याला डावा, दमदार पळणाऱ्याला उजवा. आणि ज्याने काहीच न बघता समोरचा पळाला तिकडे धाव घेतली तो उजवीकडून जाऊन कुलूपबंद गेटपाशी पोचतो, कारण उजवीकडे अजून एक जवळचा रस्ता दिसतो आणि तो नकाशात जाड काळ्या रेघेने बंद दाखवलेला आहे. असा एक लेग, म्हणजे दोन कंट्रोलमधला टप्पा, आखून झाला की मला दिवस सत्कारणी लागल्यासारखं वाटतं. आवारात असा नैसर्गिक पर्याय नसेल तर पट्टी बांधून एखादी बोळ बंद करा, नकाशात दाखवा, लगेच दोन रस्ते तयार होतात. मोठमोठ्या स्पर्धांत सुद्धा अशी तात्पुरती कुंपणं घालतात.

एक टाळायचं. ज्या वाटेने मूल कंट्रोलला आत येतं त्याच वाटेने परत बाहेर जायला लागेल असा कोर्स नको, कारण बाहेर पडणारा दिसला की आत येणाऱ्याला काही वाचायची गरजच उरत नाही. कंट्रोल एखाद्या कोपऱ्याच्या टोकाला टाकला की हे होतं. पुढचा लेग दुसऱ्या बाजूने निघेल असं बघा, जमत नसेल तर तो कंट्रोलच काढून टाका.

आंधळी वळणं म्हणजे इमारतीचे कोपरे, जिथे दोन्हीकडून जोरात पळणारी मुलं समोरासमोर येतात. हे फार गांभीर्याने घ्या, डोकी आपटतात. कोर्स आखताना मुलांचा ओघ कुठून कुठे जाईल ते कागदावर बाणांनी काढा आणि जिथे दोन बाण एका कोपऱ्यावर समोरासमोर भिडतात तिथे कोर्स बदला. बदलता येत नसेल तर तिथे एक मोठा माणूस उभा करा. वाहनं येणारा रस्ता मधे येत असेल तर माझं उत्तर सरळ आहे, तो कोर्स घ्यायचा नाही. मुलं नकाशात डोकं घालून पळतात, त्यांचं गाडीकडे लक्ष नसतं.

लांबीचं बोलायचं तर स्प्रिंटमध्ये अंतर सरळ रेघेने मोजत नाहीत, प्रत्यक्ष पळता येईल अशा सगळ्यात जवळच्या रस्त्याने मोजतात. नवीन मुलांना मी सव्वा ते दीड किलोमीटर आणि दहा-बारा कंट्रोल देते. जरा सरावलेल्यांना दोन-अडीच किलोमीटर. प्रत्येक झेंड्यावर कोड नंबर असतो, तो ३१ पासून सुरू करायची पद्धत आहे म्हणजे कंट्रोलचा क्रमांक आणि कोड ह्यात गोंधळ होत नाही, आणि कोड इंग्रजी अंकात असतील तर ६६, ६८, ८६, ८९, ९८, ९९ वापरू नका, झेंडा उलटा टांगला गेला तर ६८ चा ८९ होतो. मुलांना आवर्जून सांगा, पंच करायच्या, म्हणजे कंट्रोलवर पोचल्याची नोंद करायच्या, आधी कोड वाचायचा. झेंडा दिसला म्हणजे तो आपलाच असं नाही, शेजारच्या कोर्सचा असू शकतो.

शिकवायचं किती? फार नाही. नकाशा जमिनीशी जुळवून धरायचा, म्हणजे समोर इमारत असेल तर नकाशात पण ती पुढेच आली पाहिजे, आपण वळलो की हातातला नकाशा उलट बाजूला वळवायचा. आणि आपण जिथे आहोत तिथे अंगठा ठेवायचा, पळताना अंगठा पुढे सरकवत न्यायचा. बस, ह्या दोन गोष्टी. कंपास स्प्रिंटमध्ये इतक्या लहान आवारात लागतच नाही म्हटलं तरी चालेल, इमारतीच पुरेशा दिशा सांगतात. अक्षर उलटी दिसतात म्हणून मुलं नकाशा सारखा सरळ करून घेतात, त्यांना सांगा अक्षरांकडे बघूच नका, आकारांकडे बघा. आणि हळू पळा म्हणून सांगितलं तर कोणी ऐकत नाही, त्यापेक्षा "कंट्रोलपाशी पोचायच्या आधी पुढचा रस्ता ठरवून ठेवा" असं सांगा, म्हणजे वेग आपोआप जागेवर येतो.

पहिल्यांदाच घेत असाल तर क्रमाने पळायचा कोर्स न ठेवता स्कोअर प्रकार घ्या. सगळे कंट्रोल नकाशावर, वेळ वीस मिनिटं, हवे तसे हव्या त्या क्रमाने गोळा करा, उशीर झाला तर दर मिनिटाला गुण कापायचे. ह्यात कोणी बाद होत नाही, सगळे एकदम सुटतात, आयोजकाला सोपं जातं. पण पुढच्या वेळी क्रमाचा कोर्स घ्याच.

वेळ आणि पंच नोंदवायला तीन मार्ग. इलेक्ट्रॉनिक, म्हणजे स्पोर्टआयडेंट वगैरे, बोटाला चिप बांधायची आणि प्रत्येक कंट्रोलवर डब्यात टेकवायची, मग फिनिशला प्रत्येक लेगचा वेळ छापून मिळतो. उत्तम, पण सामान महाग आहे, एखाद्या क्लबकडून उसनं मिळालं तर बघा. दुसरा मार्ग कागदी कार्ड आणि काट्यांचा पंच, प्रत्येक पंचाची नक्षी वेगळी, जुनी पद्धत आणि अजिबात बंद पडत नाही. तिसरा मोबाईल ॲप, मॅपरन सारखं, जीपीएसवर चालतं, झेंडाच लावावा लागत नाही. सरावाला छान आहे. पण उंच इमारतींच्या मधल्या बोळात जीपीएस दहा-वीस मीटर इकडे तिकडे जातं आणि मूल बरोबर जागी उभं असून ॲप वाजत नाही, मग ते तिथेच गोल गोल फिरत बसतं. हे पुन्हा नशीबच झालं ना. म्हणून स्पर्धेला मी कार्ड किंवा चिपच पसंत करते.

स्पर्धेच्या दिवशी पहाटे झेंडे लावा, आदल्या रात्री नको, सकाळपर्यंत एखाद-दुसरा गायब होतोच. लावून झाल्यावर दुसऱ्या कोणाला तरी नकाशा देऊन पूर्ण कोर्स चालून बघायला सांगा, ज्याने लावले त्याने नाही. लावणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही, त्याला वाटतं मी बरोबरच लावलाय.

स्टार्ट एकेका मिनिटाच्या अंतराने. साठ मुलं असतील तर एक तास जातो, म्हणून दोन वेगळे कोर्स करून दोघांना एकदम सोडा, अर्ध्या तासात संपतं. शिवाय एकाच्या मागे दुसरा पळत सुटायचा प्रकार कमी होतो कारण दोघांचे कंट्रोल वेगळे. थांबलेल्या मुलांना पळणारी दिसणार नाहीत अशा जागी बसवा, आणि पळून आलेल्यांचे नकाशे शेवटचा सुटेपर्यंत जमा करून घ्या. मैत्रीत सगळं सांगून टाकतात, त्यात वाईट हेतू काही नसतो, उत्साह असतो.

आणि हे मात्र सगळ्यात महत्त्वाचं. कोण सुटलं आणि कोण परत आलं ह्याच्या दोन याद्या, दोन वेगळ्या माणसांकडे, कागदावर. स्टार्टला नाव, फिनिशला नाव. कोर्स अर्धवट सोडला तरी फिनिशला येऊन सांगायचंच, हा नियम मुलांना तीन वेळा बोलून दाखवायचा आणि त्यांच्याकडून वदवून घ्यायचा. कोर्स बंद व्हायची वेळ आधीच जाहीर करा. ती झाली की दोन्ही याद्या शेजारी ठेवून ताळा करायचा आणि जोपर्यंत एकही नाव उरलंय तोपर्यंत झेंडे काढायला कोणी जायचं नाही, कारण एखादं मूल अजून तिसऱ्या कंट्रोलच्या शोधात असू शकतं आणि तुम्ही तो झेंडा काढून आणलात तर तो कधीच सापडणार नाही त्याला.

निकालाबद्दल. एखाद्याचा एक पंच चुकतो आणि इतकं धावून निकालात नाव येत नाही, तेव्हा मूल रडवेलं होतं. नियम मोडू नका, दया म्हणून वेळ देऊन टाकली तर बाकीच्यांवर अन्याय होतो. पण त्याला बाजूला घ्या, नकाशा पुढ्यात ठेवा आणि विचारा, इथून तू कुठे गेलास ते दाखव. नव्वद टक्के वेळा ते स्वतःच बोट ठेवून सांगतं, इथे मी कोड बघितलाच नाही. एवढं झालं की पुढच्या स्पर्धेला ते सगळ्यात आधी येऊन उभं राहतं.

नकाशे परत दिल्यावर सगळ्यांना एकेक पेन द्या आणि आपण कुठून गेलो ती रेघ काढायला सांगा. मग बघा काय गोंगाट होतो. जिन्याने जायला नको होतं, अगं पण मी गेले आणि मला तर जवळ पडलं, नाही तू तिथे थांबली होतीस, असं अर्धा अर्धा तास चालतं. चिपवर लेगचे वेळ असतील तर अजूनच मजा, एकूण निकालात विसावी आलेली मुलगी एखाद्या लेगला पहिली असते आणि तो लेग नेमका तुम्ही मेहनतीने आखलेला असतो. अशा वेळी तिचं नाव मोठ्याने घ्या. मी दर वेळी सगळ्यात अवघड लेगचा निकाल वेगळा वाचून दाखवते, त्यात पळण्यात हुशार असलेलीच मुलं पुढे असतील असं अजिबात नसतं.

दोन-तीन स्पर्धा झाल्या की रिले घ्या. जागतिक स्पर्धेत २०१४ पासून मिश्र स्प्रिंट रिले आहे, चौघांचा संघ, दोन स्त्रिया दोन पुरुष, पहिली आणि शेवटची फेरी स्त्रियांची. शाळेत हे फार जमून येतं, मुलं-मुली एकत्र संघ करतात आणि शेवटच्या फेरीला निघालेल्या मुलीसाठी सगळा वर्ग ओरडत असतो.

झेंडे काढून आणले की कोड वाचून यादीवर खूण करत मोजून ठेवा, नुसते आकड्याने मोजू नका म्हणजे कुठला राहिला ते कळतं. त्याच दिवशी बसून नकाशात दुरुस्त्या करून टाका, मुलांनी सांगितलेल्या सुद्धा, त्यांना असलं बरंच दिसतं जे आपल्याला दिसत नाही. पुढच्या स्पर्धेला नकाशा तोच चालेल, फक्त स्टार्ट आवाराच्या दुसऱ्या टोकाला न्या आणि कोर्स पूर्ण नव्याने आखा, जुन्या इमारती उलट्या बाजूने आल्या की त्याच मुलांना तेच आवार पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागतं.